गाडीत कोण बसतं

माणूस गेला तर खांदा द्यायला चार माणसं मिळताना मारामार. गाडी गेली तर अख्खी इमारत खाली येते आणि ती कशाने गेली हे प्रत्येकाला ठाऊक असतं.

आमच्या गाडीचं नेमकं काय बिघडलं होतं ते आता मला माहीत आहे. पण ते कळेपर्यंत जे झालं ते मीच सांगितलेलं बरं. कारण इमारतीत त्याच्या निरनिराळ्या आवृत्त्या फिरताहेत आणि त्यातल्या एकीत तर मी भुताशी गप्पा मारते.

सुरुवात सेक्रेटरीने केली. सकाळीच दारात येऊन उभा राहिला. मी "बसा" म्हटलं तर "नको, घाईत आहे" म्हणाला आणि पुढे बराच वेळ उभाच राहिला.

"आजी, एक ठराव झालाय."

हा मला आजी म्हणतो. स्वतःच्या मुलीचं लग्न होऊन जावई घरी येऊन जाऊन आहे, केस रंगवतो ते मुळांशी पांढरे दिसतात, पण मी आजी. असो.

ठराव असा होता की खालच्या पार्किंगमध्ये नव्याने रेघा मारायच्या आहेत. तेव्हा ज्या गाड्या चालू स्थितीत नाहीत त्या तिथे राहणार नाहीत. येत्या काही रविवारांनंतर तपासणी. संशयित गाडीने समितीच्या समक्ष, स्वतःच्या शक्तीने, फाटकाबाहेर जायचं, इमारतीला वळसा घालायचा आणि समितीच्या समक्ष, स्वतःच्या शक्तीने, परत यायचं. नाही जमलं तर भंगारवाल्याची क्रेन. मोकळी झालेली जागा प्रतीक्षा यादीतल्या पहिल्या माणसाला.

"संशयित गाड्या किती आहेत?" मी विचारलं.

"सध्या एकच."

"आणि प्रतीक्षा यादीत पहिलं कोण?"

तो घाईत होता ते त्याला तेव्हा आठवलं. पहिला त्याचा जावई होता.

मी मुलाला फोन लावला. तो दूर असतो, पण आवाज शेजारच्या खोलीतून आल्यासारखा येतो. आणि शेजारच्या खोलीतल्या माणसाइतकंच त्याचं लक्ष असतं. म्हणाला, "आई, बाबांना जाऊन किती वर्षं झाली? विकून टाक ना. तू चालवतेस का? नाही. कुठे जातेस का? नाही. मग?" सगळी उत्तरं तोच देतो म्हणून आमचा फोन लवकर आटोपतो.

त्याला मी एक गोष्ट सांगितली नाही, ती इथे सांगते. मी रोज दुपारी त्या गाडीत जाऊन बसत होते.

यात वेडेपणा काही नाही. माझे यजमान वजनमापांचे तपासनीस होते. गावोगावच्या दुकानांत जाऊन तराजू, काटे, मापं तपासायची. जन्मभर लोकांच्या काट्यावर संशय घेऊन घेऊन त्यांना शब्दही मोजून वापरायची सवय लागली होती. घरात ते बोलत नसत. जेवताना "वाढ" आणि "पुरे". पण स्टिअरिंगवर हात पडला की कुणीतरी बूच काढावं तसे बोलायचे. लहानपणी विहिरीत पडलेली बादली, साहेबाची खोड, आकाशातले ग्रह, मुलाचं नाव आपण काय ठेवायला हवं होतं, सगळं. दौऱ्यावर जाताना मला बरोबर न्यायचे. घरी परत आलो, हँडब्रेक ओढला, की वाक्य अर्धं असलं तरी तिथेच संपायचं. मी कितीदा जिन्यात विचारलं असेल, "मग त्या माणसाने काय केलं?" ते म्हणायचे, "कोणत्या?"

तेव्हा घरात बसून मला त्यांची आठवण येण्याचं काही कारण नव्हतं. घरात ते कधी फारसे नव्हतेच. म्हणून जेवणं आटोपली, इमारत सुस्तावली की मी खाली जायचे. माझ्या जागेवर बसायचे, म्हणजे त्यांच्या शेजारच्या सीटवर. सीट थोडी मागे, रेडिओ हळू आवाजात, चार बिस्किटं. चहाच्या वेळेला वर. कुणाच्या बापाचं काही जात नव्हतं, असं मला वाटत होतं.

सेक्रेटरी गेल्यावर मी लगेच किल्ली घेऊन खाली उतरले. रविवारी गाडी थोडा वेळ सुरू करून ठेवायची एवढं मला ह्यांनी शिकवून ठेवलं होतं आणि बहुतेक रविवारी मी ते करतही होते. किल्ली फिरवली. कट्. पुन्हा फिरवली. कट्. कुणाची तरी बातमी ऐकून आपण जिभेने च्च करावं तेवढाच आवाज.

तेवढ्या आवाजाने तिसऱ्या मजल्यावरचे भावजी खाली आले. हे माझे सख्खे दीर नव्हेत. ह्यांचे बरोबरीचे म्हणून भावजी. इमारतीत त्यांना पूलवाले म्हणतात. सरकारी खात्यात पूल बांधून निवृत्त झाले. त्यामुळे कुठल्याही विषयावरून कुठल्याही विषयावर ते सहज जाऊ शकतात. मुलगा-सून दिवसभर कामावर, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. बोलायला माणूस लागतं, आणि बिघडलेल्या गाडीपाशी उभा असलेला माणूस पळून जाऊ शकत नाही.

"वहिनी, बाजूला व्हा. आधी लक्षणं बघू. दिवे लागतात का?"

लागले, पण आजारी माणसाने डोळे किलकिले करावे तसे. भावजींनी बॉनेट उघडलं. ते टेकवायची दांडी कुठे अडकवायची हे सापडेपर्यंत त्यांनी ते डोक्यावर तोलून धरलं होतं, आणि त्याच अवस्थेत पुलाच्या खांबावर भार कसा पडतो ते मला सांगितलं. मग बॅटरीच्या टोकांवर जमलेला पांढरा बुरा दाखवून म्हणाले, "हे बघा. संपर्क तुटला की सगळं तुटतं." हे त्यांनी बॅटरीबद्दलच म्हटलं होतं.

मी वरून गरम पाणी आणलं. त्यांनी ते टोकांवर ओतलं, चिंधीने पुसलं, मलम लावलं. समोरच्या फ्लॅटमधली सून ऑफिसला निघाली होती, तिने आपली गाडी नाकाला नाक लावून उभी केली आणि दोन जाड वायरी जोडून दिल्या. एव्हाना वॉचमन, पेपरवाला, पहिल्या मजल्यावरचं जोडपं असे सगळे जमले होते. गाडी खोकली, थरथरली आणि सुरू झाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी सगळ्यांना चहाला वर बोलावलं. रोजचे कप पुरेनात म्हणून वरच्या फळीवरचे काढले. एका कपात कोळ्याने संसार थाटला होता.

लोक तासभर बसले. कुणी निघताना म्हणालं, काकू, तुमचं घर किती शांत आहे हो.

तीन दिवसांनी पुन्हा कट्.

मग मिस्त्री आला. इंजिनाला कान लावून उभा राहिला, तोंड इतकं गंभीर की मीच विचारलं, "नातेवाइकांना कळवू का?" त्याने प्लग काढले, ते काळे झाले होते, नवे घातले, तेल बघितलं, फिल्टर झटकला आणि हात पुसत म्हणाला, "आजी, माझ्याकडून इंजिन एकदम ठणठणीत. हे वायरिंगचं काम. वायरमनला बोलवा."

वायरमनला बोलावलं. तो म्हणाला, "मावशी, इंजिन धड नसेल तर वायरिंगने काय करायचं? कोणी बघितलं इंजिन?" मी नाव सांगितल्यावर तो फक्त हसला. लग्नात वरपक्ष वधूपक्षाकडे बघून हसतो तसं.

पण कामाला तो कसून होता. त्याच्याकडे मीटर होतं. बॅटरी भरणारा डायनॅमो फिरवणारा पट्टा सैल निघाला, तो आवळला. बॅटरी म्हातारी झाली म्हणाला, नवी बसवली. मग जाता जाता, कुणी न सांगता, हॉर्नची वायर नीट केली. तेव्हापासून स्टिअरिंग जरा जरी फिरवलं तरी हॉर्न वाजायला लागला, आणि नुसता वाजून थांबेना. भावजी "मी पार्किंगमध्येच जरा पुढेमागे करून बघतो" म्हणून बसले तेव्हा हे कळलं. सेक्रेटरी गॅलरीत आला. त्याच्या गालावर उशीच्या अभ्र्याची नक्षी उमटली होती.

"काय चाललंय?"

"गाडी चालू स्थितीत आहे," मी मान वर करून म्हटलं. "समितीला कळावं म्हणून वाजवतोय."

वायरमनने येऊन हॉर्न गप्प केला. मी निश्चिंत झाले. रोजच्यासारखी दुपारी बसत राहिले. आणि आठवड्याच्या आत ती नवीकोरी बॅटरीही मेली.

वायरमनला हे फार लागलं. "मावशी, माझी बॅटरी अशी मरत नाही." त्याने भरून आणली, मीटर लावून पाहिलं, एकेक फ्यूज काढून पाहिला. कुठेही गळती नाही. गाडी उभी असताना करंट कुठे म्हणता कुठे जात नव्हता. "मग ही रिकामी होते कशी? गाडीला कोणी हात लावतं का?"

"छे," मी म्हटलं. "नुसती उभी असते."

खोटं नव्हतं ते. गाडी उभीच असायची. मी बसायचे.

आता कुणी म्हणेल, बाई, रेडिओचं तुमच्या डोक्यात कसं आलं नाही? नाही आलं. माझ्या स्वयंपाकघरातल्या रेडिओला त्याचे स्वतःचे सेल आहेत. गाडीतला रेडिओ तर किल्लीसुद्धा न लावता वाजायचा. म्हणजे त्यालाही त्याचे सेल असणार, मोटारीशी त्याचा संबंध भाडेकरूइतकाच, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. मला कुणी विचारलं नाही, आणि मी तिथे बसते हेच कुणाला माहीत नसल्यामुळे विचारणार तरी कोण?

एके दिवशी भावजींना सीटखाली चुरा सापडला. तो त्यांनी बोटावर घेतला, वास घेतला आणि जाहीर केलं, "उंदीर. वहिनी, उंदीर वायरी कुरतडतात. मोठमोठी यंत्रं बंद पाडलीत उंदरांनी." समोरची सून म्हणाली, तिच्या ऑफिसातल्या एकाच्या गाडीत उंदराने पिल्लं घातली होती. झालं. सापळा आला. डांबराच्या गोळ्या आल्या. बॉनेटमध्ये, सीटखाली, मागे, सगळीकडे गोळ्या. त्या आठवड्यात मी दुपारी बसून वर यायचे ती कपाटात ठेवलेल्या लोकरी स्वेटरसारखी दरवळत. समोरची सून जिन्यात थबकली.

"काकू, कपाट आवरलंत वाटतं?"

"हो ना. फार दिवस राहिलं होतं."

सापळ्यात उंदीर सापडला नाही. सापळ्यातलं बिस्किट मात्र शिळं झालं म्हणून मी रोज बदलत होते, आणि चुरा पुन्हा पडत होता. भावजींना कोडं पडलं. मग एका संध्याकाळी ते गाडीभोवती फिरता फिरता एकदम थांबले.

"वहिनी, ही सीट मागे कोणी केली?"

मी वाकून सापळ्यातलं बिस्किट सरळ केलं.

"उंदीर सीट मागे करत नाही," भावजी म्हणाले. "गाडीत कोणीतरी बसतं."

दुसऱ्या दिवशी समितीची तातडीची सभा भरली. इतक्या वर्षांत पाण्याच्या टाकीसाठी सुद्धा कधी भरली नव्हती. सेक्रेटरी म्हणाला की हा प्रश्न आता एका गाडीचा नसून सर्वांच्या सुरक्षेचा आहे. पहिल्या मजल्यावरच्या बाईंनी सांगितलं की दुपारच्या वेळी खालून कुणीतरी पुरुष हळू आवाजात बोलल्यासारखं त्यांनी अनेकदा ऐकलंय. तो बातम्या देणारा निवेदक होता, पण मी गप्प बसले. आता बोलले तर कुठून सुरू करणार? माझ्या गाडीत मीच बसते, हे सांगायला काय हरकत होती, असं आज वाटतं. तेव्हा सगळे माझ्याकडे इतक्या काळजीने पाहत होते की माझं धाडस झालं नाही. कुणी काळजीने पाहायची मला सवय राहिली नव्हती.

पहारा ठरला. सकाळी वॉचमन, संध्याकाळी भावजी, रात्री दुसरा वॉचमन.

"दुपारचं काय?" सेक्रेटरीने विचारलं. "दुपारी जागं कोण असतं?"

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

मला एक शिटी देण्यात आली. वॉचमनशेजारी खुर्ची टाकायचं घाटत होतं, तेव्हा मी म्हटलं, "त्यापेक्षा मी गाडीतच बसते. म्हणजे चोर आला तर समोरासमोर."

"याला म्हणतात धाडस," भावजी म्हणाले. दोघातिघांनी टाळ्याही वाजवल्या.

ते दिवस, खरं सांगते, फार छान गेले. गळ्यात शिटी, हातात बिस्किटं, समितीचा ठराव पाठीशी. मी उजळ माथ्याने खाली जायचे. रेडिओ आता जरा मोठ्यानेच लावायचे. जिन्यात भेटणारा प्रत्येक जण विचारायचा, "काय काकू, काही हालचाल?" मी गंभीरपणे मान हलवायचे, "आज तरी नाही." समोरची सून ऑफिसातून आली की दार वाजवून चौकशी करायची. एरवी तिचं दार आणि माझं दार यांच्यामध्ये नुसती पायपुसणी असायची.

तपासणीच्या आदल्या दिवशी दुपारी मी अशीच बसले होते. जुन्या गाण्यांचा कार्यक्रम चालू होता. गाणं कडव्यात आलं आणि गाणारीचा आवाज बारीक व्हायला लागला. खरखरला. ती दुसऱ्या खोलीत निघून गेल्यासारखी झाली, आणि मग काहीच नाही. मी बटण फिरवलं. वर छोटा दिवा असतो तो लावून पाहिला. नाही लागला. मग मी हात लांब करून किल्ली फिरवली.

कट्सुद्धा झालं नाही.

चोर सापडला होता. त्याच्या गळ्यात शिटी होती.

कितीतरी वेळ मी तशीच बसून राहिले. सांगितलं तर अब्रू जाणार. नाही सांगितलं तर उद्या क्रेन येणार आणि मला बसायला जागा उरणार नाही. शेवटी वर येऊन वायरमनला फोन केला.

"एक विचारायचं होतं. रेडिओने बॅटरी उतरते का हो?"

"किती वेळ लावता यावर आहे, मावशी."

"थोडाच."

"थोडा म्हणजे?"

"दुपारभर."

"कधी लावला होता?"

"रोज."

पलीकडे पक्कड खाली ठेवल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "मी आलोच. कुणाला काही बोलू नका." तो चांगला माणूस आहे, पण त्याचा आवाज वर्कशॉपमध्ये घडलेला आहे. संध्याकाळी त्याने फाटकातूनच ओरडून विचारलं, "मावशी, रोज दुपारी रेडिओ लावून तुम्हीच बसत होता ना, चोर नव्हता ना कोणी?"

दिवेलागणीची वेळ. सगळे नुकतेच घरी आले होते. माझ्या अब्रूला तेवढं पुरेसं होतं.

लोक खाली जमले. कुणी हसलं नाही, ते फार वाईट झालं. हसले असते तर मीही हसून घेतलं असतं. समोरच्या सुनेने अगदी मऊ आवाजात विचारलं, "पण काकू, घरी रेडिओ आहे ना तुमच्याकडे?"

"आहे."

"मग?"

याचं उत्तर मला येत होतं. पण पार्किंगमध्ये उभं राहून देण्यासारखं ते नव्हतं.

वायरमन डॅशबोर्डखाली शिरला होता. आतून म्हणाला, "हे बघा. तरीच. रेडिओ किल्लीवर जोडलेलाच नाही. वेगळी वायर ओढून थेट बॅटरीवर घेतलाय. किल्ली काढली तरी हा आपला चालूच. कुठल्या अडाण्याने केलंय हे?"

"शिक्षणच नाही हो लोकांना," भावजी म्हणाले.

"ह्यांनी केलंय," मी म्हटलं.

मग मला सांगावंच लागलं. दौऱ्यावर गेलो की ते मला दुकानात येऊ देत नसत. तपासनिसाची बायको दुकानात शिरली की दुकानदार तिच्या हातात काहीतरी कोंबणार, आणि मग काटा कसा खरा तपासायचा? म्हणून मी गाडीत. आणि किल्ली ते बरोबर न्यायचे, कारण त्यांचा कुणावरच विश्वास नसे. अशी मी किती गावांच्या बाजारात काच वर करून बसले असेन. मी कधी तक्रार केली नाही. एकदा परत आल्यावर त्यांनी नुसतं विचारलं, "कंटाळा येतो?" मी म्हटलं, "येतो थोडा." पुढच्या सुट्टीच्या दिवशी ते सकाळपासून गाडीखाली झोपले होते. मला वाटलं, काही बिघडलं असेल. पुढच्या दौऱ्यापासून रेडिओ किल्लीशिवाय वाजायला लागला. त्यावर ते काही बोलले नाहीत. गाडीतसुद्धा.

भावजी आपल्या चपलांकडे बघत होते. वायरमनने बाहेर येऊन बोटं पुसली.

"जोड पक्का आहे पण," तो म्हणाला. "अजून तसाच घट्ट आहे." मग पक्कड हातात तशीच धरून म्हणाला, "काय करू, मावशी? ठेवली तर बॅटरी पुन्हा उतरणार. काढली तर रेडिओ किल्ली लावल्यावरच वाजेल."

सगळे माझ्याकडे पाहत होते. सेक्रेटरीसुद्धा गॅलरीतून खाली येऊन मागे उभा होता.

"काढा," मी म्हटलं. "तेव्हा किल्ली त्यांच्या खिशात असायची. आता माझ्याकडेच असते."

रविवारी भरलेली बॅटरी लागली आणि गाडी पहिल्याच फटक्यात सुरू झाली. समिती फाटकापाशी उभी होती, सेक्रेटरीने इस्त्रीचा शर्ट घातला होता. लायसन भावजींकडे होतं म्हणून गाडी ते चालवणार होते. मी माझ्या जागेवर बसले. फाटकाच्या कडेची एक कुंडी आम्ही पाडली, पण ती चालू स्थितीत नव्हती.

रस्त्याला लागलो आणि मला एक चमत्कार दिसला. भावजी गप्प. ज्या माणसाने डोक्यावर बॉनेट घेऊन मला खांबांचा भार समजावला, तो स्टिअरिंग दोन्ही हातांनी आवळून, ओठ मिटून, समोर डोळे फाडून बसला होता. मी काही म्हणायला गेले तर म्हणाले, "वहिनी, गाडी चालवताना माझ्याशी बोलू नका. मी गडबडतो."

नशीब म्हणतात ते हे. घरात बोलणारा गाडीत मुका.

इमारतीचा कोपरा आला. तिथून वळायचं, पुन्हा वळायचं, की समोर समिती. भावजींनी वळायचा दिवा लावला.

"सरळ घ्या," मी म्हटलं.

"अहो, समिती उभी आहे."

"वायरमन म्हणाला, चांगली लांब फिरवल्याशिवाय बॅटरी भरत नाही. इतक्यात परतलो तर उद्या पुन्हा कट्."

"पण..."

"तुम्हाला घरी काही काम आहे का, भावजी?"

ते विचार करत राहिले. एवढ्या सोप्या प्रश्नाला त्यांनी लावलेला वेळ पाहून मलाच कसंसं झालं.

"तसं काही नाही," ते म्हणाले आणि दिवा बंद केला.

टायरची दुकानं गेली. बंद कारखान्याची लांबलचक भिंत गेली. ट्रक वजन करायचा काटा आला तेव्हा मी सांगितलं की अशा एका काट्याखाली एकदा ह्यांना दगड सापडला होता. त्यांनी नियम मोडून मला विचारलं, "मग मालकाने काय केलं?" मला माहीत नव्हतं. त्या दिवशी आम्ही घरी पोचलो होतो.

बरंच पुढे गेल्यावर त्यांनी गाडी कडेला घेतली. इंजिन बंद करायची दोघांचीही छाती होईना, म्हणून ते सुरूच ठेवून आम्ही खाली उतरलो.

"हा माझा," भावजी म्हणाले. "पहिला."

पूल कसला, मोरी म्हणावी एवढा. खालून थोडं पाणी वाहत होतं. त्यांनी कठड्यावर हात ठेवला, पण खांबांबद्दल काही सांगितलं नाही. आम्ही तिथे उभे राहिलो. मागे गाडी गुरगुरत होती. नंतर ते म्हणाले, "सूनबाई विचारते, बाबा, तुम्ही नक्की काय केलंत हो नोकरीत. इकडे कुणाला वेळ होतोय यायला." एवढंच. मग आम्ही परतलो.

फाटकात वॉचमनशिवाय कुणी नव्हतं. समिती वाट पाहून पाहून बरखास्त झाली होती. कुंडी तेवढी कुणीतरी उभी केली होती.

सोमवारी सकाळीच सेक्रेटरी दारात आला.

"आजी, गाडी बाहेर गेल्याची नोंद आहे. परत आल्याची नाही."

"अहो, खाली उभी आहे ना."

"उभी आहे ते दिसतंय. पण ठरावात 'समितीच्या समक्ष परत' असं आहे. कुणी ढकलून आणली नाही कशावरून?" मी भांडेन असं त्याला वाटलं असावं, कारण त्याने आवाज जरा खाली आणला. "तेव्हा येत्या रविवारी पुन्हा तपासणी ठेवलीय. तोवर क्रेन थांबवतो."

"चालेल," मी म्हटलं. "आणि त्या रविवारीही यायला उशीर झाला तर?"

"तर त्याच्या पुढच्या रविवारी. नियम म्हणजे नियम."

मी वर जाऊन भावजींना निरोप दिला. ते पंख्याच्या गतीबद्दल काही सांगू लागले होते ते थांबले आणि म्हणाले, "रविवार ना? बरं." सुनेला हाक मारून त्यांनी शर्ट धुवायला टाकायला सांगितलं. अजून सोमवारच होता.

दुपारी सवयीने खाली उतरले. आता लपवायचं काही नव्हतं आणि विचारणारंही कुणी नव्हतं. चोर सापडल्यावर पहारा उठला होता. समोरच्या सुनेचं दार बंद होतं. मी माझ्या जागेवर बसले, सीट मागे केली. किल्ली हातात होती. नुसती लावून एकदा फिरवली असती तर गाणी लागली असती.

मी लावली नाही. बॅटरी रविवारसाठी हवी होती.